कानाचं मशीन फोनला आणि टीव्हीला जोडताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि पॉवर प्रेसच्या मधोमध तीस वर्षं काढली की कानाचं जे व्हायचं ते माझं झालं. त्या काळी कानात कापूस घातला तरी पोरं हसायची. आधी पाखरांचे आवाज गेले, मग नातवंडांचं बोलणं पुसट झालं. शेवटी फोनवर गिऱ्हाईक "साठ" म्हणालं की "आठ" याचा पत्ता लागेना. एकदा साठाच्या जागी आठच बुश करून पाठवले, तेव्हा घरच्यांनी धरून कान तपासायला नेलं. आता मशीन वापरून सहा वर्षं झाली. गल्लीत कुणी नवीन मशीन आणलं की डबी घेऊन आमच्या सोप्यात येऊन बसतं, "काका, तेवढं मोबाईलला जोडून द्या." या जोडाजोडीत जे कळलं ते लिहून ठेवतो.

कान किती गेलाय आणि कुठलं मशीन लागेल, हे सांगायचं काम ऑडिओलॉजिस्टचं. आधी सीपीआरच्या, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्याच्या, किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं कान-नाक-घसा विभागात दाखवून घ्या, कधीकधी नुसता मळ साठलेला असतो. खाजगीत गेलात तर मशीन बसवणाऱ्याकडं आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का, ते विचारा. विचारायला लाजायचं कारण नाही. आणि बिल नीट बघा: कानाच्या मशीनवर जीएसटी शून्य आहे.

खोक्यावर 'वायरलेस' लिहिलंय, म्हणून काय झालं?

सगळा घोळ या एका शब्दानं होतो. काही मशीनं फक्त एकमेकांशी बोलतात. डाव्याचा आवाज वाढवला की उजव्याचाही वाढतो, त्यांचं वायरलेस एवढंच. काहींना मोबाईलवरचं ॲप चालतं, पण कॉल कानात येत नाही. आणि नळीत पार आत जाऊन बसणारी जी बारकी मशीनं असतात, त्यांच्यात बहुतेक वेळा ब्लूटूथला जागाच नसते. दिसू नये म्हणून बारकं घ्यायचं आणि फोन लागत नाही म्हणून दुकानात भांडायला जायचं, हे मी दोनदा बघितलंय. दोन्ही वेळा माणूस चांगला शिकलेला होता.

नातवाचे इअरबड कुठल्याही फोनला लागतात, मग एवढं महागाचं मशीन का लागत नाही, असं सगळेच विचारतात. कारण सेल. इअरबड चार-सहा तासांत मान टाकतात आणि पुन्हा डबीत जातात. कानाच्या मशीनला सकाळी अंघोळ झाल्यापासून रात्री अंथरूण घालेपर्यंत चालायचं असतं, तेही हरभऱ्याएवढ्या सेलवर. नेहमीचं ब्लूटूथ त्याला पेलत नाही, म्हणून कंपन्यांनी कमी वीज खाणारे आपापले रस्ते काढले. आज बाजारात जोडणीचे एकूण चार रस्ते आहेत.

पहिला आयफोनवाला. ॲपलनं २०१३ मध्ये ही सोय आणली आणि २०१४ मध्ये रीसाउंड या डॅनिश कंपनीचं पहिलं असं मशीन आलं. खोक्यावर 'मेड फॉर आयफोन' असं लिहिलेलं असतं. आयफोनला ते झकास लागतं. अँड्रॉइडला मात्र याच रस्त्यानं लागत नाही.

दुसरा अँड्रॉइडवाला, त्याचं नाव आशा (इंग्रजीत ASHA). गूगलनं २०१८ मध्ये तो जाहीर केला आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून तो फोनमध्ये यायला लागला. पण फोन बनवणाऱ्या कंपनीनं तो चालू ठेवलाय की नाही, हे मॉडेलवर असतं. फोनमध्ये अँड्रॉइड १४ असेल तरी आशा असेलच असं नाही. नावाला भुलून आशेवर बसू नका.

तिसरा म्हणजे नेहमीचं, जुनं ब्लूटूथ. फोनाक या कंपनीनं ते पेलणारी चिप बनवली, त्यामुळं त्यांची बरीच मशीनं आयफोन, अँड्रॉइड, एवढंच काय, ब्लूटूथ असलेल्या बटणांच्या फोनलाही लागतात. आमच्यासारख्या फोनच्या बाबतीत अडाणी माणसाला हा रस्ता सगळ्यात सोपा, पण तो सेल जास्त खातो.

चौथा नवा, एलई ऑडिओ, म्हणजे कमी वीज खाणारं नवं ब्लूटूथ. २०२० मध्ये जाहीर झाला, २०२२ मध्ये त्याचे नियम पक्के झाले. पुढं सगळं याच वाटेनं जाईल असं दिसतं. यातच ऑराकास्ट नावाची सोय आहे. सभागृहानं एकदा आवाज सोडला की बसलेल्या सगळ्यांना तो आपापल्या मशीनवर घेता येतो, रेडिओ लावावा तसा. मात्र इथंही मशीन आणि फोन दोघांनाही तो यायला हवा.

एवढं वाचून डोकं फिरलं असेल तर सोडून द्या. मशीन घ्यायला जाताना रोजचा फोन खिशात घालून जा, एवढंच लक्षात ठेवा. समोरच्याला दोन प्रश्न विचारा: "या फोनवर आलेला कॉल थेट दोन्ही कानांत येईल का? आणि माझा आवाज पलीकडं कुठल्या माईकमधून जाईल?" मग तिथंच जोडायला लावा आणि घरी फोन लावून बघा. "घरी गेल्यावर होईल की" असं कुणी म्हणालं तर खुर्ची सोडू नका. माझ्या पहिल्या मशीनला मी ते ऐकलं, आणि घरी काही झालं नाही. शेवटी मशीन तेच ठेवून नवा फोन घ्यावा लागला.

फोन जोडणे

जेवणं उरकल्यावर, घर शांत असताना बसा. सेलचं मशीन असेल तर नवा सेल घाला. हे सेल हवेवर चालतात. मागचा रंगीत कागद काढला की हवा आत शिरते आणि मग वीज तयार होते, म्हणून कागद काढून तीन-चार मिनिटं सेल तसाच ठेवा, मग आत घाला. (कागदाचा रंग म्हणजे सेलचं माप: १० नंबरला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला नारिंगी, ६७५ ला निळा. दुकानात नंबर आठवला नाही तर रंग सांगितला तरी भागतं.) चार्जिंगचं मशीन पूर्ण चार्ज करून घ्या. घरातल्या बाकीच्या फोनचं ब्लूटूथ थोडा वेळ बंद करा. ही पायरी लोक गाळतात आणि तिथंच फसतात.

आता मशीन बंद करून पुन्हा चालू करा. सेलच्या मशीनचं झाकण उघडून लावा. चार्जिंगचं मशीन डबीत ठेवून बाहेर काढा किंवा त्याचं बटण दाबून धरा. चालू झाल्यावर साधारण तीन मिनिटंच ते नव्या फोनची वाट बघतं, मग दार लावून घेतं. म्हणून दोन्ही मशीनं एकाच वेळी चालू करायची आणि फोनशेजारी टेबलावर ठेवायची. एक कानात, एक हातात, चष्मा शोधतोय, असं करत बसलात तर तीन मिनिटं तिथंच संपतात.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात हिअरिंग डिव्हायसेस. नेहमीच्या ब्लूटूथच्या यादीतून जायचं नाही. तिथं मशीनचं नाव दिसलं की त्यावर दाबा. फोन जोडणीची परवानगी दोनदा विचारतो, एकदा डाव्यासाठी, एकदा उजव्यासाठी, आणि दोन्हींच्या मध्ये काही सेकंद जातात. पहिल्यालाच 'झालं' म्हणून फोन खाली ठेवला तर एकच कान वाजतो. "उजवं खराब निघालं" म्हणून माझ्याकडं येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं हेच असतं.

अँड्रॉइडलाही ॲक्सेसिबिलिटीतच हिअरिंग डिव्हायसेस बघा. फोनफोनाप्रमाणं जागा बदलते, तेव्हा सेटिंग्जच्या वरच्या शोधायच्या चौकटीत 'हिअरिंग' लिहिलं की सापडतं. फोनाकसारखं जुन्या ब्लूटूथचं मशीन असेल तर मात्र हेडफोन जोडतो तसं ब्लूटूथच्या यादीतूनच जोडायचं.

ॲप याच्यानंतर. ॲप जोडणं आणि आवाज जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे कुणी सांगतच नाही. ॲपमध्ये आवाज कमीजास्त होतोय, सेल किती उरलाय ते दिसतंय, पण कॉल फोनच्या स्पीकरवरच येतोय, असं झालं तर दुसरी जोडणी राहिलीय असं समजा. ॲप उघडलं की ते परवानग्या मागतं. जुन्या अँड्रॉइडमध्ये ते लोकेशन मागतं. तुम्ही महाद्वार रोडला कधी जाता याच्याशी त्याला घेणं नाही, त्या फोनमध्ये आसपासची ब्लूटूथ यंत्रं शोधायला लोकेशनची परवानगी लागायची. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी 'निअरबाय डिव्हायसेस' अशी वेगळी परवानगी आली. दोन्हींना हो म्हणा. बॅटरी वाचवण्यासाठी फोन ॲपला मागच्या मागं झोपवत असेल, तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरची बंधनं काढा.

आता घरातल्या कुणाला तरी पलीकडच्या खोलीत पाठवून कॉल करायला सांगा. दोन्ही कानांत आवाज आला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे तुमचा आवाज. जुन्या ब्लूटूथच्या मशीनमध्ये आणि काही नव्या मशीनमध्ये कानातल्या माईकमधूनच आवाज जातो, फोन खिशात असला तरी चालतं. पण आयफोनवाल्या आणि आशावाल्या बऱ्याच मशीनमध्ये ऐकू कानात येतं आणि बोलायचं फोनच्याच माईकमध्ये असतं. हे माहीत नसलं की माणूस फोन खिशात टाकून मोठमोठ्यानं बोलतो आणि पलीकडचा म्हणतो, "आप्पा, विहिरीत पडलाय काय?" फोन छातीपुढं धरा, प्रसादाची वाटी धरावी तसा. कानाला लावायची सवय मोडायला मला महिना लागला.

जोडणी जमली की फायदा लगेच कळतो. साध्या कॉलमध्ये आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झचाच पट्टा येतो. व्होल्टीईवर, म्हणजे ४जी नेटवर्कवरून होणाऱ्या कॉलमध्ये, तो ७००० पर्यंत जातो. स, श, फ ही अक्षरं वरच्या पट्ट्यातली, आणि कारखान्यातल्या आवाजानं कान जातो तो ४००० हर्ट्‌झच्या आसपास आधी. म्हणून फोनमध्ये व्होल्टीई चालू आहे ना, ते बघा. माझं साठ आणि आठ तिथंच सुटलं.

एक कटकट उरते. व्हॉट्सॲपचा प्रत्येक टिंग कानाच्या पडद्यावर येऊन आदळतो. गावातल्या भावकीचा एक ग्रुप पुरे, माणूस वेडा होईल. नोटिफिकेशनचे आवाज बंद करा. आयफोनमध्ये कॉल आणि गाणी-व्हिडिओ यांचा आवाज मशीनकडं जाऊ द्यायचा की नाही, हे वेगवेगळं ठरवता येतं. आणि रस्त्यानं चालताना कानात भजन लावत असाल तर ॲपमध्ये बाहेरचा आवाज किती राहतो ते तपासा. काही मशीनं फोनचा आवाज आला की बाहेरचा आपोआप दाबतात. दसरा चौक ओलांडताना हे परवडणारं नाही.

टीव्ही

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ दिसतं, माणूस शोध घेतो, मशीन काही यादीत येत नाही. येणारही नाही, कारण टीव्हीचं ब्लूटूथ बहुधा जुन्या पद्धतीचं असतं. जुन्या ब्लूटूथचं मशीन लागतं कधीकधी, पण ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. मालिकेत एक वेळ चालेल, बातम्यांना जीव नको होतो.

त्यासाठी मशीनच्या कंपनीची टीव्हीची डबी येते, ती टीव्हीला जोडली की आवाज थेट मशीनकडं पाठवते. फोनाक, ओटिकॉन, सिग्निया, रीसाउंड अशा बहुतेकांची आहे. आतापर्यंत तरी ज्या कंपनीचं मशीन, त्याच कंपनीची डबी लागत आलीय. मित्राकडून उसनी आणून उपयोग नाही. पण नवरा-बायको दोघांची मशीनं एकाच कंपनीची असतील तर बऱ्याचदा एकाच डबीवर भागतं, घेताना विचारून घ्या.

डबी टीव्हीला दोन प्रकारे लागते. हेडफोनच्या भोकात पिन घातली तर बऱ्याच टीव्हींचा स्वतःचा स्पीकर गप्प होतो. मग तुम्ही एकटे ऐकता आणि घर तुमच्याकडं बघत बसतं. म्हणून टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल तर तेच वापरा. चौकोनी भोक असतं, त्याला बारीक झाकण असतं. ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या असतात, त्या काढायच्या. हसू नका, टोपीसकट केबल ठोकून बसवलेली मी सोडवलीय. टीव्ही चालू असताना केबलच्या मोकळ्या टोकाला तांबडा उजेड दिसला की आवाज तिथपर्यंत आलाय.

तरीही कानात काही येत नसेल, तर अडचण डॉल्बीची असते. कोल्हापुरात डॉल्बी म्हटलं की गणपतीच्या मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढं येते, जिच्यामुळं पुढच्या पिढीलाही मशीनं लागणार आहेत. इथली डॉल्बी म्हणजे टीव्हीतून बाहेर पडणाऱ्या आवाजाची बांधणी. कित्येक डब्यांना ती उलगडता येत नाही. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करा. सेटटॉप बॉक्स असेल तर त्याच्याही सेटिंगमध्ये पीसीएम किंवा स्टिरिओ करा. बहुतेकांचं एवढ्यावर सुटतं.

मग डबी चालू करून मशीनं पुन्हा बंद-चालू करा आणि डबीच्या जवळ धरून तिचं जोडणीचं बटण दाबा. पुढं ॲपमधून किंवा मशीनच्या बटणानं टीव्ही निवडायचा. टीव्हीचा आवाज घरच्यांना हवा तेवढा, तुमच्या कानातला तुम्हाला हवा तेवढा. आमच्या घरात यावर रोज रात्री होणारं भांडण बंद झालं, आता दुसऱ्या विषयांवर होतं.

डबीवर खर्च करायचा नसेल तर मॅच, बातम्या मोबाईलवर बघा. फोन आधीच जोडलेला आहे.

पंगतीत, कीर्तनात, गाडीत

लग्नाच्या कार्यालयात मशीन आहे तरी समोरच्याचं कळत नाही, ही तक्रार सगळ्यांची. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की त्याचा आवाज मोकळ्या जागेत ६ डेसिबलनं उतरतो, गोंगाट मात्र तेवढाच राहतो. त्यावर उपाय म्हणजे माईक बोलणाऱ्याच्या तोंडाशी नेणं. कंपन्यांचे छोटे क्लिपचे माईक येतात, ते समोरच्याच्या कॉलरला अडकवायचे. बुवांच्या उपरण्याला मी एकदा लावला होता, त्यांनी परवानगी दिली पण मध्येच टाळ वाजले तेव्हा मी उडालो. आयफोनवाल्या मशीनला लाईव्ह लिसन नावाची सोय असते, फोनच माईक म्हणून टेबलावर ठेवता येतो. आणि अगदीच कळेना तर अँड्रॉइडवर गूगलचं लाईव्ह ट्रान्सक्राइब हे ॲप आहे, समोरच्याचं मराठी बोलणं ते अक्षरात दाखवतं. बँकेच्या खिडकीवर मला ते फार उपयोगी पडतं.

काही मशीनमध्ये 'टी' अशी खूण असते, म्हणजे टेलिकॉइल. सभागृहात तारेचा वळसा बसवलेला असेल तर त्यावर थेट आवाज येतो. घरी जुना लँडलाइन असेल तर 'टी' लावून बघा. ते नसेल तर रिसीव्हर कानाच्या भोकाला लावू नका, कानामागच्या मशीनचा माईक वरच्या बाजूला असतो, तिथं न्या.

गाडीत बसलात की फोन मुलाच्या गाडीच्या स्टिरिओला जाऊन चिकटतो आणि तुमच्या बहिणीचा कॉल सगळ्यांना ऐकू येतो. कॉल चालू असताना पडद्यावरच्या स्पीकरच्या चिन्हावर दाबून मशीन निवडा. कॉम्प्युटरच्या नादाला मात्र मी लागत नाही, मीटिंग असली तर फोनवरून घेतो.

अडलं तर

आवाज मध्येच तुटत असेल तर फोन कुठं आहे ते बघा. पँटच्या मागच्या खिशात असेल तर शर्टाच्या खिशात ठेवा. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात विरतात, आणि माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणीच. एकच कान बंद पडला तर आधी सेल बदला, मग रबराच्या टोपीत मळ अडकलाय का बघा. दोन्ही गेले तर फोनचं ब्लूटूथ बंद-चालू, मग मशीन बंद-चालू, तरी नाही जमलं तर फोनला ते मशीन विसरायला लावून पहिल्यापासून जोडा. याच क्रमानं करा. लोक शेवटचं आधी करतात.

जूनपासून आपल्याकडं पाऊस एकदा धरला की आठवडा आठवडा उघडत नाही, आणि घरात ठेवलेल्या कागदालाही ओल चढते. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, सेलचं झाकण उघडं ठेवून. दाण्यांचा रंग बदलला की ते वाळवा किंवा बदला. हेल्मेट काढताना आणि रेनकोटची टोपी मागं टाकताना एक हात कानावर असू द्या. मशीन रस्त्यात पडलं तर पडलेलं आपल्यालाच ऐकू येत नाही.

फोन बदलाल तेव्हा जुन्या फोनमधून मशीन काढून टाकायला विसरू नका. मी माझा जुना फोन नातवाला दिला आणि तेवढंच राहिलं. मशीननं जुनी ओळख सोडली नव्हती. पुतणीला बघायला पाहुणे आले होते, मुलाचे वडील मला शेती किती विचारत होते, आणि आतल्या खोलीतून नातवानं लावलेली क्रिकेटची कॉमेंट्री माझ्या दोन्ही कानांत सुरू झाली. मी म्हणालो, "सहा." नशीब, एकरांचा आकडा जवळपास तेवढाच होता.